मुक्या रुग्णाची शुश्रूषा

(नभोवाणीवरील भाषण)

श्रोतेहो, घरांतील रुग्णाची शुश्रूषा कशी करावी ह्या विषयावर आपण पुष्कळ भाषणें ऐकलीं असतील. आज मी ज्या रुग्णाविषयीं बोलणार आहें, त्याला आपलें दुखणें सांगतां येत नाहीं. इतकेंच नव्हे, तर तें लपविण्यांत त्याचा हातखंडा असतो. हा रुग्ण म्हणजे आपल्या घरची मांजरी. तिला पुन्हां पिलें होऊं नयेत म्हणून शस्त्रक्रिया करवून घरीं आणल्यावर पुढचे दहा ते चवदा दिवस तिची काळजी कशी घ्यावी, हा माझा आजचा विषय. तो ऐकून कांहीं श्रोत्यांना हसूं आलें असेल. एके काळीं मलाही तें आलें असतें. परंतु माझ्याच हातून घडलेल्या एका चुकीमुळें एक मुका जीव संकटांत सांपडला, आणि ती चूक निष्काळजीपणाची नव्हती, मायेची होती. म्हणूनच ती चारचौघांत सांगावी असें मला वाटलें.

आम्ही नळदुर्गचे. धाराशिव जिल्ह्यांतील हें गांव भुईकोट किल्ल्यासाठीं आणि बोरी नदीवरच्या पाणीमहालासाठीं प्रसिद्ध आहे. आमचें घर जुनें, काळ्या दगडाचें. वर मातीचें माळवद आणि मागें धान्याची खोली. अशा घरांत उंदीर असावयाचेच, आणि उंदीर तेथें मांजर. आमची मनी कोठून आली हें कोणालाच नीट आठवत नाहीं. एका पावसाळ्यांत ती ओसरीवर आली, दुसऱ्या पावसाळ्यांत स्वयंपाकघरांत दिसूं लागली, आणि तिसऱ्यांत माझ्या मुलीच्या पांघरुणांत. मांजर माणसाळत नाहीं, माणसेंच मांजराळतात, असें आमच्या घरीं म्हणतात, तें कांहीं खोटें नाहीं.

मांजरीचे दिवस सुमारें नऊ आठवड्यांत भरतात, आणि चांगलें खायला-प्यायला मिळालें तर वर्षांत दोन-तीन वेतें सहज होतात. मनीच्या पहिल्या वेताचीं पिलें शेजाऱ्यांनीं हौसेनें नेलीं. दुसऱ्या वेताचीं आम्हीं आर्जवें करून दिलीं. तिसऱ्या वेळीं मात्र आम्हांला पाहतांच लोक दार लोटून घेऊं लागले. मांजर पिलांना सात घरें फिरवितें म्हणतात. मनीनेंही तीं फिरविलीं. त्यांतलें एक बोक्यानें मारलें, दोन आजारानें गेलीं, आणि एक सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर मोटारीखालीं सांपडलें. कोणी सल्ला दिला कीं, उरलेलीं पिलें पोत्यांत घालून नदीपलीकडे सोडून यावींत. आपल्या देशांत १९६० सालापासून प्राण्यांना क्रूरतेनें वागविण्याविरुद्ध कायदा आहे आणि जनावराला उपाशी मरण्यासाठीं वाऱ्यावर सोडणें हा गुन्हा आहे, ही गोष्ट त्या सल्लागारांच्या गांवीं नव्हती. पण कायद्याचें राहूं द्या. तें करण्यास हातच धजावला नाहीं.

तेव्हां शस्त्रक्रियेचा विचार निघाला. आमच्या सासूबाईंचा प्रथम त्याला विरोध होता. मांजर हें सटवाईचें वाहन. तिच्या वाहनाची कूस कायमची मिटवून टाकण्याचा अधिकार तुम्हांला कोणीं दिला, असें त्या म्हणाल्या. त्यांच्याशीं वाद घालण्याचें धैर्य घरांत कोणाला नव्हतें. परंतु रस्त्यावर सांपडलेलें तें पिलूं त्यांनींच पदराखालीं झांकून घरीं आणलें होतें. दोन दिवस त्या कांहीं बोलल्या नाहींत. तिसऱ्या दिवशीं आपण होऊन म्हणाल्या, "सूनबाई, पांचवीला पूजा करायची आणि मग लेकरूं रस्त्यावर टाकायचें, हें सटवाईला तरी कसें आवडेल? ने तिला डॉक्टरांकडे." ह्या प्रश्नाचा ह्याहून चांगला निकाल मला कोठल्याही ग्रंथांत मिळाला नसता.

पौष पौर्णिमेला नळदुर्गास खंडोबाची मोठी यात्रा भरते. घरांत पाहुण्यांचा राबता आणि बाहेर वाद्यांचा गजर. अशा वेळीं आजाऱ्याला घरांत ठेवूं नये, म्हणून आम्हीं यात्रा होऊं दिली आणि २०२४ सालच्या फेब्रुवारींत मनीला सोलापूरला नेलें. आमच्या भागांतील पशुवैद्यांचा बहुतेक दिवस गाई, म्हशी व शेळ्या ह्यांच्यांतच जातो. उस्मानाबादी शेळीनें तर ह्या जिल्ह्याचें जुनें नांव देशभर नेलें आहे. मांजर घेऊन दवाखान्याची पायरी चढणारीं माणसें खेडोपाडीं अजून थोडींच. मुंबईंत परळला प्राण्यांचें रुग्णालय १८८३ सालीं व पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ सालीं निघालें. मराठवाड्यांत परभणीचें महाविद्यालय १९७२ सालीं झालें. गुरांच्या मानानें मांजर हा पशुवैद्याकडे उशिरा आलेला रुग्ण आहे. म्हणूनच त्याच्या शुश्रूषेचें ज्ञान आपल्या घरांतून अजून रुजलेलें नाहीं.

शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्रीं उशिरानंतर अन्न द्यावयाचें नाहीं, पाणी मात्र निघेपर्यंत ठेवावयाचें, असें डॉक्टरांनीं बजावलें होतें. भुलेंत असतां उलटी झाली, तर पोटांतील अन्न श्वासनलिकेंत उतरण्याचें भय असतें. म्हणून हा उपवास. ही आज्ञा ऐकण्यास सोपी आणि पाळण्यास कठीण. मनी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून रात्रभर गाऱ्हाणें गात होती. मुलीनें दुधाचें पातेलें दोनदां उचललें आणि दोनदां खालीं ठेवलें. उपवासाची मुदत लहान पिलांना कमी असते, म्हणून ती डॉक्टरांनाच विचारून घ्यावी.

ह्या शस्त्रक्रियेंत मांजरीचे अंडाशय व गर्भाशय काढून टाकतात. कांहीं डॉक्टर पोटाच्या मध्यरेषेवर छेद घेतात, कांहीं कुशीवर. बाहेरून पाहिलें तर जखम दोन-तीन सेंटिमीटरांची दिसते, आणि मनांत येतें, एवढेंसें तर आहे! परंतु हें पोट उघडून केलेलें काम आहे. घरांतल्या सुनेच्या पोटावर शस्त्रक्रिया झाली, तर आपण तिला कित्येक आठवडे भरली घागर उचलूं देत नाहीं. मांजरीला मात्र दुसऱ्या दिवशीं माळवदावर उडी मारूं देतों.

आम्ही घरीं परतलों तेव्हां दिवेलागण झाली होती. करंडीचें झांकण उघडलें आणि मनी बाहेर आली ती जणूं दुसरीच कोणी. डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या झालेल्या, डोळ्यांच्या कोंपऱ्यांतून पांढुरका पडदा पुढें आलेला, आणि मागचे पाय एकीकडे तर पुढचे दुसरीकडे. माझी मुलगी रडूं लागली. हें सर्व भुलेचें लक्षण आहे, तें कित्येक तास राहतें आणि हळूहळू जातें, हें आधीं ठाऊक असतें तर ती रडली नसती. म्हणून मी तें आपणांस सांगून ठेवतें. मात्र हांक मारली किंवा स्पर्श केला असतां मांजरीनें थोडी तरी दाद दिली पाहिजे. ती मुळींच जागी होत नसेल, तर वाट पाहूं नये.

ह्या पहिल्या रात्रीचे नियम थोडे आहेत. मांजरीचें अंथरूण जमिनीवर करावें. खाटेवर, खुर्चीवर किंवा कोनाड्यांत नव्हे. तिला आपण उडी मारूं शकतों असें वाटत असतें, पण पाय अजून तिचे नसतात. खोली लहान, मंद उजेडाची व शांत असावी, आणि तेथून माळ्यावर जाण्याची वाट बंद करावी. भुलेमुळें अंग गार पडतें, म्हणून ऊब पाहिजे. कोमट पाण्याची बाटली जाड फडक्यांत गुंडाळून जवळ ठेवावी. पण अंगाला चिकटवूं नये, कारण गुंगींत चटका कळत नाहीं. मांजरीच्या अंगाची नेहमींची उष्णता ३८ ते ३९ अंश सेल्सियस, म्हणजे आपल्याहून थोडी अधिक असते. तेव्हां नुसता हात लावून "हिला ताप आहे" असा निर्णय देऊं नये. मुलांनीं तिला मांडीवर घेऊं नये. गुंगींतला प्राणी घरच्या माणसालाही नीट ओळखीत नाहीं आणि चावण्याचा संभव असतो.

खाण्याच्या बाबतींत आमच्या घरीं मोठा मतभेद झाला. दिवसभर उपाशी असलेल्या जिवाला वाटीभर दूध द्यावें, हा सासूबाईंचा पक्ष. परंतु मोठेपणीं पुष्कळ मांजरांना दूध पचत नाहीं. एरवीं एखादा जुलाब झाला तर कांहीं बिघडत नाहीं. पोटावर ताजे टांके असतां मात्र उलट्या-जुलाबांचा ताण नको. ती नीट उभी राहूं लागल्यावर थोडें पाणी द्यावें, आणि तें टिकलें तर नेहमींच्या अन्नाचा चतुर्थांश. उकडलेल्या कोंबडीचे किंवा अंड्याचे दोन घांसही चालतात. मात्र त्यांत मीठ, मसाला, कांदा व लसूण नसावा. कांदा व लसूण मांजराच्या रक्ताला अपायकारक आहेत, ही गोष्ट उरलेला रस्सा मांजराला घालणाऱ्या प्रत्येक घरानें लक्षांत ठेवण्यासारखी आहे. त्या रात्रीं तिनें कांहींच खाल्लें नाहीं, तरी घाबरूं नये. पण पूर्ण एक दिवस उलटून गेल्यावरही ती अन्नाला तोंड लावीत नसेल, तर डॉक्टरांना कळवावें. मांजर कांहीं दिवस उपाशी राहिलें, तर त्याच्या यकृतांत चरबी सांचून जिवावर बेततें. आपल्याप्रमाणें लंघन करून बरें होणें त्याच्या प्रकृतींत नाहीं.

आतां मी सर्वांत महत्त्वाच्या गोष्टीकडे वळतें. दुसऱ्या दिवशीं दुपारीं मनी अंग आंखडून, डोळे अर्धवट मिटून, भिंतीकडे तोंड करून बसली होती. ती ओरडत नव्हती. पण मांजराचें दुखणें ओरडण्यांत नसतें, गप्प बसण्यांत असतें. रानांत आपली दुर्बलता दाखविणारा लहान प्राणी दुसऱ्याच्या तोंडीं पडतो. ती जुनी सवय त्यानें घरांत येऊनही सोडलेली नाहीं. शेजारच्या काकू डोकावल्या. त्यांचें अंतःकरण मोठें कोमल. घरीं जाऊन त्या पॅरासिटामॉलची एक गोळी घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "अहो, तान्ह्या लेकरांनाही देतात हें औषध. पाव गोळी दुधांत उगाळून घाला. बिचारीला जरा आराम पडेल." मीं गोळीचे चार तुकडे केलेसुद्धां. मुलगी म्हणाली, "आई, एकदां डॉक्टरांना विचारूं या," आणि तिनें दूरध्वनि लावला.

श्रोतेहो, त्या दूरध्वनीनें मनी वाचली. पॅरासिटामॉल हें मनुष्याला उपयुक्त असलेलें औषध मांजराला विष आहे. तें निरुपद्रवी करून शरीराबाहेर टाकण्याची शक्ति आपल्या यकृतांत असते, मांजराच्या यकृतांत ती जवळजवळ नसते. औषध रक्तांत साठतें, रक्ताची प्राणवायु वाहून नेण्याची शक्ति नष्ट होते, हिरड्या निळसर-तपकिरी पडतात, तोंड सुजतें, श्वास लागतो. पांचशें मिलिग्रॅमची एक गोळी मोठ्या मांजराचा प्राण घेण्यास पुरते, आणि तिचा चौथा हिस्साही घातक ठरूं शकतो. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन वगैरे आपल्या घरांतील इतर वेदनाशामकांचीही तीच गोष्ट. मांजरांसाठीं वेगळीं वेदनाशामकें आहेत. तीं डॉक्टर वजन पाहून देतात, आणि त्यांनीं दिलेलें औषध ठरलेल्या दिवसांपर्यंत न चुकतां द्यावें. वेदना सोसूं देण्यांत पुण्य नाहीं. परंतु मनुष्याच्या फडताळांतील औषध काढून देण्यांत तर सरळ हत्या आहे. चुकून असें औषध पोटांत गेलेंच, तर लक्षणांची वाट न पाहतां तत्काळ डॉक्टरांकडे धांव घ्यावी.

जखमेकडे सकाळ-संध्याकाळ, चांगल्या उजेडांत पाहावें. पण पाहावें म्हणजे हात लावावा असें नव्हे. पहिले दोन-तीन दिवस कडा किंचित् लाल व फुगीर असतात. तें स्वाभाविक आहे. रोज एकाच जागेवरून भ्रमणध्वनीवर छायाचित्र काढून ठेवावें. कालच्यापेक्षां सूज वाढली कीं उतरली, हें आपल्या डोळ्यांपेक्षां चित्र अधिक खरें सांगतें. डॉक्टरांनीं दिलेल्या औषधाखेरीज जखमेवर दुसरें कांहीं लावूं नये. आपल्या हाताला लागलीच संवय हळद दाबण्याची. पण मांजरी ती चाटून काढणार, चाटतांना टांके ओढणार, आणि पिवळ्या लेपाखालीं जखमेचा रंगही आपल्याला दिसणार नाहीं. फिनेल व त्या जातीचीं तीव्र वासाचीं जंतुनाशकें तर मांजराच्या अंगाला लावूं नयेत आणि तें निजतें तेथील फरशीही त्यांनीं पुसूं नये. तें पायांना लागतें, आणि पाय चाटल्यावर पोटांत जातें. टांके निघेपर्यंत आंघोळ नाहीं, ओलें फडकें नाहीं.

मांजराची जीभ खरखरीत, कानशीसारखी असते. ती जखमेला स्वच्छ करते असा आपला समज आहे. वस्तुतः ती टांके उसवते आणि तोंडांतले जंतु आंत नेते. म्हणून डॉक्टर गळ्याभोंवतीं प्लास्टिकची शंकूसारखी कॉलर बांधून देतात. ती घातल्यावर मनी उलट्या पावलांनीं चालूं लागली, दाराच्या चौकटीला धडकली, पाण्याच्या भांड्यापाशीं जाऊन नुसती उभी राहिली. तिची ती केविलवाणी मुद्रा पाहून घरांत कोणाला घांस गोड लागेना. आणि येथेंच माझ्या हातून ती चूक झाली.

पांचव्या रात्रीची गोष्ट. मनी आतां नीट खात होती, खेळूंही पाहत होती. जखम कोरडी दिसत होती. सर्व निजल्यावर मीं विचार केला, पांच दिवस बिचारीनें अंग चाटलें नाहीं. रात्रभर तरी मोकळी निजूं दे. मीं कॉलर काढली. मनीनें माझ्या हाताला डोकें घांसलें. एवढें समाधान मला त्या आठवड्यांत मिळालें नव्हतें. पहाटे उठून पाहतें तों अंथरुणावर रक्ताचे डाग, बाहेरचे दोन टांके नाहींसे, आणि जखमेच्या फटींतून आंतील लाली दिसत होती. स्वच्छ कापड सैलसें गुंडाळून आम्ही मिळेल त्या वाहनानें सोलापूर गांठलें. आंतली शिवण शाबूत होती, हें आमचें दैव. परंतु तिला पुन्हां थोडी गुंगी द्यावी लागली, पुन्हां टांके पडले, आणि दिवसांची मोजणी पुन्हां पहिल्यापासून सुरू झाली. डॉक्टर मला रागें भरले नाहींत. ते इतकेंच म्हणाले, "बाई, तिला कॉलरचा त्रास होत होता, कीं तुम्हांला?" ह्या प्रश्नाचें उत्तर मी अजूनही स्वतःला देत असतें.

त्यांनीं समजावून सांगितलें तें आमच्या नळदुर्गच्या मनुष्याला चटकन् पटण्यासारखें होतें. पोट शिवतांना आंतला स्नायूंचा थर वेगळा शिवतात आणि वरची कातडी वेगळी. वरची कातडी लवकर जुळते आणि आपल्याला वाटतें, झालें बरें. परंतु सगळा भार आंतल्या थरावर असतो, आणि त्याला अधिक दिवस लागतात. आमचा पाणीमहाल ज्यांनीं पाहिला आहे त्यांना ठाऊक आहे कीं, बोरी नदीच्या बांधाच्या पोटांत दालनें बांधलेलीं आहेत. पावसाळ्यांत नर-मादीच्या सांडव्यांवरून पाणी कोसळत असतें, आणि आंत उभा असलेला मनुष्य कोरडा राहतो. हें वरच्या दगडाच्या घोटीवपणामुळें नव्हे, तर आंतल्या चिरेबंदीमुळें. मांजरीच्या पोटाचेंही तसेंच. वर कोरडें दिसलें म्हणून आंतला बांध तयार झाला असें मानूं नये. धांवणें, उड्या, बोक्याशीं झुंज, हें सर्व टांके निघेपर्यंत बंद.

कॉलर मुळींच सोसवत नसेल, तर दुसरा मार्ग आहे. आमच्या सासूबाईंनीं मुलीचें जुनें सुती झबलें काढलें, त्याला चार पायांसाठीं चार भोंकें पाडलीं, शेपटीकडची बाजू मोकळी ठेवली आणि पाठीवर बंद शिवले. पोट झांकलें गेलें आणि तोंड मोकळें राहिलें. डॉक्टरांना दाखवून आम्हीं तें वापरलें. मात्र तें घट्ट नसावें, ओलें झाल्यास लगेच बदलावें, आणि त्याच्या आड जखम पाहण्याचा आळस होऊं नये. ज्या वाहनाविषयीं आमचा वाद सुरू झाला, त्यालाच अखेर सासूबाईंनीं बाळंतविडा शिवला, असें आम्ही हंसत म्हणतों.

कांहीं बारीकसारीक गोष्टी राहिल्या. मांजरीच्या शौचाच्या पाटींत त्या दिवसांपुरती वाळू किंवा राख न घालतां वर्तमानपत्राचे कपटे घालावेत. म्हणजे कण जखमेला चिकटत नाहींत. पहिल्या दिवसांत लघवी झाली पाहिजे. शौचाला दोन-तीन दिवस लागले तरी चालतें. घरांत दुसरें मांजर असेल, तर तें परत आलेल्या मैत्रिणीवर फिसकारतें. हा मत्सर नसून दवाखान्याच्या वासाचा परिणाम असतो. दोघींना कांहीं दिवस वेगळें ठेवावें, वास गेला कीं ओळख पटते.

आतां डॉक्टरांकडे तांतडीनें केव्हां जावें, तें सांगतें. जखमेंतून रक्त ठिबकत राहिलें, पू किंवा दुर्गंध आला, कडा फांकल्या, किंवा जखमेखालीं मऊ गोळा फुगून आला तर. हिरड्या नेहमींच्या गुलाबी न दिसतां पांढऱ्या पडल्या तर. वारंवार उलट्या झाल्या, पोट फुगून ताठ झालें, श्वास तोंडानें घेऊं लागली, किंवा पहिल्या दिवशीं सुधारून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीं पुन्हां मलूल झाली तर. हिरड्यांचा रंग शस्त्रक्रियेच्या आधींच एकदां पाहून ठेवावा. नाहीं तर फरक कळत नाहीं. ह्यांतील कोणत्याही प्रसंगीं "उद्यां पाहूं" हे दोन शब्द उच्चारूं नयेत. आमच्यासारख्यांना तर दवाखाना सुमारें पन्नास किलोमीटरांवर. म्हणून रात्रीं-अपरात्रीं कोणाचें वाहन मिळेल आणि कोणत्या डॉक्टरांना दूरध्वनि करावयाचा, हें शस्त्रक्रियेच्या आधींच ठरवून, कागदावर लिहून, भिंतीला लावून ठेवावें.

दुसऱ्या वेळच्या शिवणीनंतर बाराव्या दिवशीं मनीचे टांके निघाले. बाहेरचे टांके साधारणपणें दहा ते चवदा दिवसांनीं काढतात. कांहीं ठिकाणीं आंतल्या आंत विरघळणारा दोरा वापरतात, तरी तपासणी टाळूं नये. तिचा स्वभाव बदलेल, ती आळशी होईल, उंदीर मारणार नाहीं, अशी भीति आम्हांला अनेकांनीं घातली होती. तसें कांहीं झालें नाहीं. माजावर येऊन रात्रभर ओरडणें तेवढें थांबलें. गर्भाशयांत पू होण्याच्या दुखण्याचें भय गेलें. ही शस्त्रक्रिया लहान वयांतच केली, तर स्तनांच्या कर्करोगाचा संभवही पुष्कळ कमी होतो. एक गोष्ट मात्र खरी, ह्या शस्त्रक्रियेनंतर शरीराची अन्नाची गरज घटते आणि भूक वाढते. म्हणून पूर्वीच्या मापानें घालीत राहिल्यास मांजर लठ्ठ होतें, आणि दोष शस्त्रक्रियेवर येतो. माप थोडें कमी करावें व महिन्याकांठीं वजन पाहावें. आम्ही धान्याच्याच कांट्यावर पाहतों.

श्रोतेहो, मनुष्याच्या शुश्रूषेंत आपण कांहीं तरी करीत राहतों. डोकें चेपतों, काढा देतों, पांघरूण सारखें करतों. त्यांत रुग्णाला जितकें समाधान असतें, तितकेंच आपल्यालाही असतें. ह्या मुक्या रुग्णाच्या शुश्रूषेंत बहुतेक काम पाहत राहण्याचें आणि आपला हात आवरण्याचें असतें. दूध द्यावेंसें वाटतें, तें न देणें. गोळी द्यावीशी वाटते, ती न देणें. कॉलर काढावीशी वाटते, ती न काढणें. ह्या प्रत्येक वेळीं आपली माया आपल्याच विरुद्ध उभी राहते, आणि तिला दोन आठवडे धीर धरावयास लावणें हीच खरी सेवा ठरते. मला तें एका रात्रीपुरतें साधलें नाहीं, आपणांस साधावें.

मनी ह्या वेळीं माळवदावर उन्हांत निजली असेल. तिच्या कुशीवरची जागा आतां केसांनीं भरून आली आहे आणि नीट शोधल्याशिवाय सांपडत नाहीं. सासूबाई मात्र तिला जवळ घेतल्या कीं त्या जागेवरून एकदां बोट फिरवितात, आणि मग तिला खालीं सोडतात.